पाद्रीवरची राखण

बाल्बिनाला वाटलं होतं, वन्सं पहिल्याच दिवशी हातात पातं देतील, खडक दाखवतील आणि म्हणतील, हं, लाग आता कामाला. झालं भलतंच. रोज सकाळी अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख चढवायचा, कड्याच्या टोकावर जायचं आणि नुसतं उभं राहायचं. समोर समुद्र, आणि शेजारी दगडावर बूड टेकून सफरचंद खाणारी ओब्दुलिया, म्हणजे तिची थोरली नणंद.

"सांग," ओब्दुलिया म्हणायची.

"काय सांगू, वन्सं?"

"पुढची कुठली उठणार ते सांग. आलेली लाट काय, पाय भिजले की आंधळ्यालाही कळते. न आलेली सांग."

बाल्बिना डोळे ताणून बघायची. सगळ्या लाटा तिला सारख्याच दिसायच्या, लग्नातल्या वऱ्हाडासारख्या. "ती... ती पलीकडची, काळपट?"

"ती बसली. बघ, मेलीसुद्धा. दुसरी सांग."

"मग ती?"

"तू माझ्याकडे बघून का विचारतेस? मी काय लाट आहे?"

असं तासन् तास. आणि बाल्बिनाच्या पोटातला गोळा काही केल्या विरघळत नव्हता. पोहता येत नव्हतं तिला. आमच्या आर्नेला गावात निम्म्या लोकांना येत नाही, आणि विचारलंत तर वर ऐकवतील की पोहणारा फक्त उशिरा मरतो. कड्यावरून खाली बघितलं की तिची पावलं आपोआप मागे सरकत. ओब्दुलियाला ते दिसे, पण ती सफरचंदाची साल थुंके आणि पुन्हा "सांग" म्हणे.

आता हेही सांगायला हवं की बाल्बिना काही नवशिकी नव्हती. लग्न होऊन आली तेव्हापासून ती खाडीतल्या पुळणीवर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढत होती, आणि त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ओहोटीला पुळण उघडी पडली की बायका उतरायच्या, कमरेत वाकायच्या, दाताळं ओढत ओढत मागे सरकायच्या, आणि तोंडं अखंड चालू. आमच्याकडच्या बायका चेहऱ्यापेक्षा पाठीवरून जास्त ओळखू येतात, ते यामुळेच. खाडीचं पाणी त्यांच्या मागे कुठेतरी असायचं, मांजरासारखं निवांत पसरलेलं. त्याच्याकडे वळून बघायची गरज कुणाला पडली नव्हती. वाळूत एक शिंपली जरी चमकली तरी बाल्बिनाचा हात डोक्याच्या आधी तिथे पोचायचा. खाली पडलेलं काही तिने आयुष्यात कधी सोडलं नाही. तशीच घडली होती ती.

त्या वर्षी शरदात पाऊस थांबेचना. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले, गोडं पाणी लोंढ्याने खाडीत शिरलं, आणि तिसऱ्या पुळणीवर तोंडं वासून पडल्या. वास असा सुटला की चर्चमधल्या मेणबत्त्यांनाही तो लागला. मच्छीमारांच्या संघाने जवळजवळ सगळी पुळण बंद केली. कुणी बाई डबाबंद मासळीच्या कारखान्यात गेली, कुणी कोरुन्या शहरात म्हाताऱ्याकोताऱ्यांचं करायला गेली. उरलेल्यांना संघाने सांगितलं, हिंमत असेल तर खडपावर, उघड्या खडकांवर जा, पेर्सेबे काढा. मात्र जुन्या माणसाच्या जोडीने जायचं, आणि नाताळापर्यंत त्या जुन्या माणसाने तोंडाने सांगितलं पाहिजे की हो, ही माझी जोडीदार. नाही सांगितलं, तर घरी बसा.

पेर्सेबे म्हणजे काय, तर अंगठ्याएवढा काळा चामडी जीव, डोक्यावर नखं असलेला. नवखा माणूस हात लावणार नाही. आणि नाताळात माद्रिदचे लोक त्याच्यावर जीव टाकतात. ते म्हणायला टाकतात; खरोखरचा टाकतात ते आमचे लोक, कारण हा मेला उगवतो कुठे, तर लाट जिथे सगळ्यात जोरात आपटते तिथेच. म्हणून जोडी लागते. एकजण दोर कमरेला बांधून खाली उतरतो आणि कापतो. दुसरा वर उभा राहतो, दोर धरतो आणि समुद्राकडे बघतो. लाट उठली की ओरडायचं, "आली!" एवढंच त्याचं काम. याला आम्ही राखण म्हणतो.

ओब्दुलियाची जुनी जोडीदार सीरा गुडघे गेल्यामुळे घरी बसली होती. एकटीला खडपावर उतरायची परवानगी नव्हती. म्हणजे गरज दोघींची होती, पण बोलून दाखवेल ती नणंद कसली!

"दगडापेक्षा वीट मऊ, म्हणून घेतेय तुला," ती म्हणाली होती. "आणि एक लक्षात ठेव. तू पेर्सेबे काढायला येत नाहीयेस. माझा जीव सांभाळायला येतेयस. ते आलं, तर कापायचं मी एका दुपारात शिकवीन."

मार्सिआल, बाल्बिनाचा नवरा, तिकडे आयर्लंडच्या पाण्यात मोठ्या बोटीवर होता. फोनवर म्हणाला, "ताई सांगेल तसं कर. आणि घाबरू नकोस." घाबरू नकोस म्हणायला पुरुषाचं काय जातं!

हळूहळू मात्र काहीतरी दिसायला लागलं. ओब्दुलियाने तिला पायाशी बघणं सोडायला लावलं. "पायाशी फुटतेय तिचं बारसंही झालं आणि तेरावंही झालं. लांब बघ. जिथे पाण्याचा रंग गडद होतो ना, तिथे." आणि समुद्रात आत एक एकटा पडलेला खडक होता, तो दाखवला. "पाणी मागे सरकून त्याचे पाय उघडे पडले, तांबडं शेवाळ दिसलं, की समज, तिकडे कुणीतरी श्वास ओढतंय. मग विचार करायचा नाही. ओरडायचं."

बाल्बिना रात्री डोळे मिटले तरी लाटाच बघायची. मग एक दिवस तिने बोट दाखवलं, "ती. ती नाही, तिच्या मागची." आणि तिच्या मागचीच उठली. ओब्दुलियाने सफरचंदाची फोड तिच्यापुढे धरली. नणंदेच्या हातून काही खायला मिळण्याची ही बाल्बिनाची पहिलीच वेळ असावी.

मग लहान खडकांवर गेल्या. तिथे शेजारच्या खडपावर तेल्मो आणि त्याचा भाऊ काम करायचे. तेल्मोची जीभ म्हणजे गावाची चावडी. बाल्बिना पाणी जरा हललं की ओरडायची, "आली!" ओब्दुलिया कापणं सोडून वर चढायची. लाट यायची नाही. पुन्हा खाली. पुन्हा "आली!"

"लांडगा आला रे आला!" तेल्मो पलीकडून ओरडला. "काय गं बाल्बिना, माझ्या अंगणात कोंबडी शिंकली तरी ओरडशील का?"

भाऊही हसला. बाल्बिनाचे कान तापले. तिला मारलेलं चाललं असतं, पण हसलेलं चालायचं नाही. ओब्दुलिया म्हणाली, "त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. तू ओरड. शंभरदा ओरड." पण चढताना तिचे ओठ आवळलेले असत, आणि कमरेची जाळी निम्मीच भरे, हे बाल्बिनाला दिसत होतं. मग ती जरा थांबायला लागली. ओरडण्याआधी खात्री करून घ्यायची. एक श्वास थांबायची, मग दोन. ओब्दुलियाला ते कळलं नाही असं तिने धरलं, तेल्मोचं हसणं मात्र बंद झालं. बाल्बिनाला वाटलं, जमलं आपल्याला.

डिसेंबर लागला तसा भाव चढला आणि ओब्दुलिया म्हणाली, "आता पाद्री."

पाद्री म्हणजे पाय टेकता येईल असा आमचा सगळ्यात बाहेरचा खडक. अंगावर काळा झगा, गळ्याशी पांढरा फेस. तिथे पेर्सेबे जाड येतात, कारण तिथे कुणी सहसा जात नाही. त्या दिवशी ओहोटीला दोघी तिथे पोचल्या. दोर बाल्बिनाने दगडाच्या खुंटाला वेढा घालून धरला, पाय रोवले, आणि नजर बाहेर लावली. ओब्दुलिया खाली उतरली. खरवडण्याचा आवाज यायला लागला. थोड्या वेळाने जाळी भरली तसे ओब्दुलियाने हातातले घोस वर बाल्बिनाच्या पायाशी फेकले, "ठेव बाजूला!"

त्यातला एक घोस घरंगळला. कडेकडे चालला. बाल्बिनाचा हात गेला. तिने वाकून तो धरला. त्याच्या पलीकडे सुटा एक पडला होता, तो घेतला. त्याच्याही पलीकडे दोन. पाठ वाकली, हात चालू झाला, मानेवर ऊन पडलं. आणि काय सांगू, कित्येक आठवड्यांनी तिला पहिल्यांदाच बरं वाटलं! पोटातला गोळा गेला. पुळणीवर असल्यासारखं वाटलं. ती मन लावून वेचत राहिली.

"आली!"

ओरडली ती ओब्दुलिया. खालून. जिला ओरडून सांगायचं तीच ओरडली.

बाल्बिनाने मान वर केली तेव्हा समोर आभाळ नव्हतं. मग पाणी आलं. दोर हातातून सरसरत गेला, खुंटाला अडकला म्हणून थांबला. ती दगडाला मिठी मारून पडली होती, नाकातोंडात खारं पाणी, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी खडकावर आपटत होतं. एकदा. पुन्हा एकदा. पलीकडच्या खडपावरून तेल्मो आणि त्याचा भाऊ कसे आले तिला कळलं नाही. त्यांनी दोर ओढला. ओब्दुलिया वर आली ती चुरगळलेल्या गोणपाटासारखी. श्वास घेता येत नव्हता. जाळी गेली होती.

तेल्मोने गाडी दवाखान्याकडे पळवली. वळणावर गाडी हिसकली तशी ओब्दुलिया कण्हली, आणि डोळे न उघडता तिने विचारलं, "किती मिळाले?"

बाल्बिनाला आधी कळलंच नाही. मग तिने खाली बघितलं. तिची मूठ अजून आवळलेली होती. त्यात ते सुटे पेर्सेबे होते. एवढं सगळं होऊन तिने ते सोडले नव्हते. तिने काच खाली केली आणि ते बाहेर टाकले, आणि मग तिला रडू आवरेना.

ओब्दुलियाच्या बरगड्या मोडल्या नव्हत्या, पण तडकल्या होत्या. डॉक्टरने पट्टा बांधला. ती शिव्या देईल, गावभर सांगेल, असं बाल्बिनाला वाटत होतं. शिव्या परवडल्या असत्या. ओब्दुलिया एक शब्द बोलली नाही. निरोप नाही, फोन नाही. बाजारात कुजबुज होतच होती: भावजयीने नणंदेला बुडवायला काढलं होतं म्हणे. यात अर्ध्या लोकांना मजा वाटत होती, लाज नावाची चीज नाही!

बाल्बिना पुळणीवर परत गेली. संघाने एक अरुंद पट्टी उघडी ठेवली होती, तिथे उरल्यासुरल्या बायका होत्या. तिची जुनी मैत्रीण एर्मितास म्हणाली, "ये गं बाई, ये. इथे कुणी बुडत नाही." बाल्बिना वाकली. दाताळं ओढलं. आणि दोन-तीनदा ओढलं नाही तोच मान आपोआप वर झाली. खाडीकडे. पाणी निवांत पडलं होतं. ती पुन्हा वाकली. पुन्हा मान वर. तिने दात आवळून मान खाली ठेवायचा प्रयत्न केला तर मानेवरचे केस उभे राहिले, जणू मागे कुणीतरी उभं आहे.

"काय बघतेस सारखी?" एर्मितास म्हणाली. "पोटासाठी क्युबाला गेलेला कुणी परत यायचाय का तुझा?"

बायका हसल्या. संध्याकाळी बाल्बिनाची टोपली सगळ्यात हलकी होती. वाकून काम करण्याची जी एक विद्या तिला येत होती, तीही गेली होती. नवी आली नाही आणि जुनी हातची गेली! तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. घरी येऊन ती चुलीपुढे बसली आणि तिला खरोखर भीती वाटली. समुद्राची नाही. आपण आता कशालाच उपयोगाच्या नाही, याची.

एर्मितासच्या सुनेने कोरुन्यात एका म्हातारीचं करायला बाई हवी म्हणून सांगितलं होतं. नाताळानंतर लगेच. बाल्बिना म्हणाली, विचार करते. विचार कसला, तिने मनात गाठोडं बांधलंच होतं. फक्त वन्संना तोंडाने सांगायचं राहिलं होतं. म्हणून तिने दुपारभर खपून कोबीचं, बटाट्याचं, हाडाचं घट्ट सार केलं, पातेलं फडक्यात बांधलं आणि ओब्दुलियाकडे गेली.

ओब्दुलिया स्वयंपाकघरात ताठ बसून बटाटे सोलत होती. पट्ट्यामुळे तिला मान वळवायलाही सबंध अंग वळवावं लागत होतं. पातेलं टेबलावर ठेवून बाल्बिना म्हणाली, "वन्सं, मी सोडतेय. कोरुन्याला जाते."

"खिडकीशी उभी राहा," ओब्दुलिया म्हणाली.

"अहो, मी काय म्हणतेय..."

"ऐकलं. बहिरी झाले नाही, बरगड्या गेल्यात. खिडकीशी उभी राहा आणि बाहेर बघ. पाद्री दिसतो ना? बघ."

बाल्बिना उभी राहिली. पाद्री दिसत होता, गळ्याशी फेस. मागे धप्प आवाज झाला आणि काहीतरी फरशीवरून घरंगळत आलं. ती वळली. बटाटा होता.

"बाहेर बघ."

"अहो पण पडला..."

"पडू दे. बाहेर बघ."

पुन्हा धप्प. बाल्बिना पुन्हा वळली. पुन्हा "बाहेर बघ." असा बटाट्यामागून बटाटा. काही पायाला येऊन लागले. तिच्या उजव्या हाताची बोटं आपोआप हलत होती, ती तिने डाव्या हाताने धरून ठेवली. मग फच्च असा आवाज झाला. अंडं. चांगलं, ताजं अंडं! मग अजून एक. ही बाई वेडी झालीय, तिला वाटलं, डोक्यावर आपटलीय. पण ती वळली नाही. खिडकीबाहेर पाणी मागे सरकत होतं.

मग टेबलावर काहीतरी जड सरकल्याचा आवाज आला. बाल्बिनाला कळलं काय ते. तिचं पातेलं. दुपारभर रांधलेलं.

"वन्सं, नको हो," ती बाहेरच बघत म्हणाली.

पातेलं पडलं. गरम सार तिच्या पोटऱ्यांवर उडालं, मांसाचा वास घरभर झाला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण डोळे पाद्रीच्या पलीकडे होते, तिथे त्या एकट्या पडलेल्या खडकाचे पाय उघडे पडले होते.

"आली," ती हळूच म्हणाली.

थोड्या वेळाने पाद्री दिसेनासा झाला, आणि मग पुन्हा दिसला.

"हं," ओब्दुलिया म्हणाली. "आता पूस ते सगळं. मला वाकता येत नाही."

बाल्बिना गुडघ्यांवर बसून पुसायला लागली. पुसता पुसता तिचा बांध फुटला. "का पण, वन्सं? मीच का? मी तुम्हाला मारलं असतं. दुसरी कुणीही आणा ना!"

"दुसरी आणू? आणि तिचं वाकायचं अजून बाकी असेल त्याचं काय करू? पुळणीवरची प्रत्येक बाई एकदा वाकणार. तू वाकून झालीस. माझ्या बरगड्या घालवून शिकलीस, आता मी तुला कोरुन्याच्या म्हातारीला फुकट देऊ होय?" मग ती जरा थांबली. "आणि थांबत होतीस ना ओरडायची? तेल्मोच्या हसण्याला भिऊन? आणि मी ओठ आवळत होते म्हणूनही. दिसत होतं मला. तेवढी चूक माझी."

बाल्बिनाचा हात फडक्यावर तसाच राहिला. नणंदेने चूक कबूल केलेली या घराने बघितली नव्हती. ती अंड्याची कवचं गोळा करत राहिली.

नाताळाच्या आधीची खोल ओहोटी आली तेव्हा ओब्दुलियाचा पट्टा निघाला होता, डॉक्टरने खडपावर जायला नको म्हटलं होतं, तरी ती आली होती. पाद्रीवर दोघी पोचल्या. थंडी अशी की शब्द तोंडातच गोठावेत. ओब्दुलियाने दोर कमरेला बांधला, कडेपाशी गेली आणि तिथेच उभी राहिली. उतरेना. बाल्बिनाला तिचे गुडघे दिसले. ते कापत होते. वन्संचे गुडघे! बाल्बिनाचा धीर होता नव्हता तो सगळा गळाला.

"वन्सं, नको का आज?"

"गप. समुद्र तिकडे आहे," ओब्दुलिया म्हणाली आणि उतरली.

बाल्बिनाने पाय रोवले. पलीकडच्या खडपावर तेल्मो आणि त्याचा भाऊ होते. तेल्मोने हात केला, तिने बघितलं नाही. पायाशी काय पडतंय तेही बघितलं नाही. खरवडण्याचा आवाज सुरू झाला. ती ओरडली, ओब्दुलिया वर आली, लाट आली, गेली. पुन्हा उतरली. पुन्हा ही ओरडली, ती वर आली, लाट आलीच नाही. पुन्हा उतरली. डोळ्यांत वारा भरून पाणी येत होतं आणि पापणी मिटायची तिला भीती वाटत होती.

मग लांबवर रंग बदलला. आतल्या खडकाचे पाय उघडे पडले, तांबडं शेवाळ दिसलं.

"आली!"

खरवडणं थांबलं नाही.

"वन्सं, आली!"

"थांब गं! घोस आहे इथे, असा घोस आयुष्यात..."

"वर या!"

"दिसतेय मला! थांब म्हटलं ना!"

थोरल्या नणंदेने थांब म्हटलं होतं. मार्सिआलशी लग्न झाल्यापासून बाल्बिनाने तिचा शब्द तोंडावर मोडला नव्हता. तिने दोराला खुंटावर वेढा घेतला, टाच दगडात रोवली आणि सगळं अंग मागे टाकून ओढलं. खालून किंकाळी आली. ती ओढतच राहिली. ओब्दुलिया गुडघे खरचटत, शिव्यांची लाखोली वाहत, बाल्बिनाच्या आईबापांपासून सगळ्या खानदानाचा उद्धार करत वर आली आणि पालथी पडली.

लाट आली. पाद्रीच्या पायाशी आली, जराशी उसळली, त्याच्या गुडघ्यांपर्यंतही चढली नाही, आणि निघून गेली.

मग पलीकडून तेल्मो हसायला लागला. "पाद्रीबुवांचे पाय धुऊन गेली बिचारी! बाल्बिना, नणंदेला ओढलंस की वासराला?"

"तो घोस!" ओब्दुलिया बरगड्या धरून ओरडत होती. "पडला पाण्यात! एवढा घोस, सबंध नाताळ निघाला असता! कुणी सांगितलं होतं ओढायला तुला? कुणी?"

बाल्बिनाच्या तळव्यांची सालं निघाली होती. तिला वाटलं, आपला आवाज फुटणारच नाही. फुटला.

"ओरडणं माझं काम, वन्सं. वर येणं तुमचं. तुम्ही तुमचं केलं नाहीत तर मी ओढणार. आज ओढलं, उद्याही ओढीन, खोटी ठरले तरी ओढीन. हसायचं त्याला हसू दे. तुम्हाला पटत नसेल तर दुसरी बघा, मी आत्ता जाते."

हे सगळं ती समुद्राकडे बघत म्हणाली. नणंदेच्या तोंडाकडे तिने एकदाही बघितलं नाही, म्हणून मागे काय चाललंय तिला कळेना. धापा ऐकू येत होत्या. मग नाक ओढल्याचा आवाज. तिने मनाशी धरलं, झालं, संपलं. कोरुन्याची म्हातारी कशी असेल कोण जाणे.

दोराला हिसका बसला. ओब्दुलिया कमरेची गाठ तपासत होती.

"पुढच्या वेळी हळू ओढ," ती म्हणाली. "बरगड्या आहेत त्या."

आणि ती उतरली. पुन्हा खरवडण्याचा आवाज सुरू झाला. बाल्बिनाच्या पोटातला गोळा होता तिथेच होता, आणि तेल्मो अजून भावाला काहीतरी सांगून हसत होता. तिने डोळे पुसले नाहीत. लांब, पाण्याचा रंग गडद झाल्यासारखा वाटला. खात्री नव्हती. अजिबात नव्हती.

"आली!" ती ओरडली.

खरवडणं तिथल्या तिथे थांबलं, आणि दोर तिच्या हातात सैल पडला. वन्संनी वर चढायला सुरुवात केली होती.